हॉरर, फँटसी आणि क्राइम एकाच कथेत: तिघांपैकी कुणाचं ऐकू?

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्यांनी नाव देऊ नका असं सांगितलंय. नोकरी सांभाळून लिहितात, आणि बऱ्याच महिन्यांच्या कष्टाने साधारण ९ हजार शब्दांची एक कथा पूर्ण केलीय. एक शहर आहे जिथे माणसं आपली सावली सावकाराकडे गहाण ठेवून पैसे उचलतात. पोलिसातून काढून टाकलेला एक माणूस तिथे खाजगी तपास करून पोट भरतो. एका रात्री त्याच्याकडे एक बाई येते, माझा भाऊ हरवलाय, शोधून द्या. तो शोधायला लागतो आणि प्रेतं सापडायला लागतात, एकाही प्रेताला सावली नाही. शेवटी कळतं की सावकाराच्या गोदामात पडून राहिलेल्या सावल्याच माणसं मारताहेत, आणि ती बाईसुद्धा मुळात एक सावलीच होती. मग गोदामात एक शापित आरसा सापडतो, तो फुटतो, सावल्या नाहीशा होतात, हिरो वाचतो. कथा तीन मित्रमैत्रिणींना दिली. हॉरर वाचणारा म्हणाला भीतीच वाटली नाही. क्राइम वाचणारी म्हणाली शेवटी फसवलंस. फँटसीवाला म्हणाला जग नीट कळलं नाही. दोन ठिकाणांहून कथा परत आली, त्यातल्या एका एडिटरने लिहिलं की ही नेमकी कुठल्या प्रकारातली कथा आहे ते आधी ठरवा. प्रश्न असा की तिघांपैकी कुणाचं ऐकायचं, की कथेचे तीन तुकडे करून तीन कथा करायच्या, की सरळ कादंबरी लिहायची, की असं मिश्रण करणंच चूक आहे? सोबत पहिली काही पानं आणि शेवट पाठवलाय.

उत्तर:

पत्र वाचलं, जोडलेली पानंही नीट वाचली, आणि सगळ्यात आधी हे सांगते की सावली गहाण ठेवायची कल्पना मला मनापासून आवडली. तुम्ही ती पहिल्याच वाक्यात कसलंही स्पष्टीकरण न देता टाकलीत ना, तेही बरोबर केलंत. तेव्हा ही कथा सोडून द्यायचा विचार डोक्यात असेल तर तो आधी काढून टाका.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही एक गोष्ट गृहीत धरून चाललाय, की तिघांच्या तीन तक्रारी आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, म्हणजे एकाला खूश केलं की दुसरा नाराज होणार. मी शेवटची पानं परत परत वाचली आणि मला तसं अजिबात वाटलं नाही. मला वाटतं तिघंही एकाच जागेवर बोट ठेवताहेत, फक्त प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलतोय, आणि ती जागा म्हणजे तो आरसा.

बघा, आरसा कथेत येतो कधी, तर शेवटच्या दोन पानांत. त्याआधी त्याचा उल्लेख नाही, तुमच्या शहरात शापित वस्तू असतात हेसुद्धा कुठे सांगितलेलं नाही. क्राइम वाचणारी मैत्रीण पहिल्या प्रेतापासून डोकं चालवत होती, कोण मारतंय, का मारतंय, हिरो सुटणार कसा, आणि तुम्ही उत्तर दिलंत अशा वस्तूने जी तिला दाखवलीच नव्हती, तर ती फसवलंस म्हणणारच. फँटसीवाल्याला वाटलं की या जगात सावल्या गहाण पडतात एवढं कळलं होतं, आता आरसेही निघाले, उद्या अजून काय निघेल, म्हणजे जगाची सीमा कुठे आहे तेच कळेना. आणि हॉररवाल्याचं तर सगळ्यात सोपं आहे. जिथे ऐनवेळी वाचवणारी जादू टपकू शकते तिथे माणूस घाबरेल कशाला? एक आरसा आणि तीन तक्रारी. म्हणून तिघांपैकी कुणाचं ऐकू हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवूया.

मिश्रण चूक आहे का, याचं उत्तर नाही. आणि हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये. आधुनिक डिटेक्टिव्ह कथेची सुरुवात जिथून धरतात ती एडगर अॅलन पोची १८४१ सालची कथा घ्या, त्यातला बंद खोलीतला खून वाचताना आधी अंगावर काटा येतो आणि मग डोकं चालायला लागतं, आणि भयकथांसाठी जगभर वाचला जाणारा लेखकही तोच. नॉयरचंही तेच. नॉयर म्हणजे गुन्हेगारी कथांचा तो कोरडा, रोखठोक बाज, आणि तो ज्या अमेरिकन मासिकात वाढला ते ब्लॅक मास्क १९२० साली निघालं तेव्हा त्यात गुन्ह्याच्या, साहसाच्या, प्रेमाच्या आणि गूढ शक्तींच्या कथा एकत्रच छापल्या जात होत्या. हे कप्पे नंतर पक्के झाले. म्हणून तुमच्या एडिटरच्या वाक्याचा अर्थ तुम्ही "मिश्रण नको" असा लावलाय तो मला घाईचा वाटतो. कथा वाचताना कशाची वाट बघायची हे त्यांना कळलं नाही, मला तरी त्यातून एवढंच ऐकू येतं. आणि ते दुरुस्त करता येतं.

तरीपण क्राइम आणि जादू यांचं भांडण खरं आहे, ते झाकून ठेवत नाही. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक धर्मगुरू होते, स्वतः डिटेक्टिव्ह कादंबऱ्याही लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, आणि त्यात अलौकिक शक्तींना सरळ बंदी घातली. कारण उघड आहे. रहस्यकथा वाचणारा लेखकाशी खेळत असतो, आणि भुताने खून केला असं शेवटी सांगितलं तर खेळाला अर्थच उरत नाही. पण नीट विचार केला तर ही बंदी जादूपेक्षा आयत्या वेळी काढलेल्या उत्तराला जास्त लागू होते. जादू आहे, ती अमुक करू शकते, तमुक करू शकत नाही, हे खून व्हायच्या आधी वाचकाला माहीत असेल तर खेळ पुन्हा चालू होतो. म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी असं काही लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगते: पहिलं प्रेत सापडल्यावर जादूचा नवा नियम काढायचा नाही. जुन्या नियमाचा न सुचलेला परिणाम काढा, कितीही काढा, पण नवा नियम नाही.

मग तुमच्या कथेत आरसा काढला तर शेवट कशावर उभा करायचा?

इथे मला तुमच्यावर थोडं रागवायचंय, कारण उत्तर तुम्ही दुसऱ्याच पानावर लिहून ठेवलंय आणि विसरून गेलाय. हिरो दिवा लावतो आणि तुम्ही लिहिता की भिंतीवर खुर्चीची सावली पडली, टेबलाची पडली, त्याची पडली नाही, ती केव्हाच गहाण पडली होती. बस्स, एवढंच, आणि त्यानंतर पत्रातल्या सारांशात आणि शेवटात याचा उल्लेखच नाही! अहो, ही तुमची कथा आहे. ज्या सावल्या माणसं मारताहेत त्यांच्यात याची स्वतःची सावली पण आहे. त्याने पैसे कशासाठी उचलले होते? पोलिसातून त्याला काढलं त्याच्याशी त्या पैशांचा काही संबंध आहे का? मुदत कधी संपतेय? समजा तो तपास करतोय त्याच आठवड्यात त्याची मुदत संपतेय, त्याला ते माहितीये, आणि बाईने देऊ केलेली फी बरोबर तेवढीच आहे जेवढ्यात त्याचं गहाण सुटेल. आता तो केस सोडू शकत नाही. आता प्रत्येक प्रेताकडे बघताना त्याला हिशोब दिसतोय.

हे झालं की तिन्ही प्रकार एका गाठीत येतात. सावली गहाण पडते आणि मुदतीत सोडवली नाही तर गहाण बुडतं, हा झाला फँटसीचा नियम. माणसाला पैशांची नड होती म्हणून त्याने जे करायला नको ते केलं आणि आता ते फेडता येत नाहीये, हे झालं नॉयर, कारण पाऊस, टोपी, सिगारेट हे सगळं काढून टाकलं तरी नॉयर उरतं पण ही अडकलेली इच्छा काढली तर उरत नाही. आणि बुडालेलं गहाण परत येऊन मूळ मालकाला गाठतं, हे झालं हॉरर. नियम एकच, आणि तिन्ही कामं तो एकटा करतोय. तुमच्या पानांमध्ये आत्ता आरशाशिवाय एक बोलणारं मांजर आहे, एक मंत्र लिहिलेली चिठ्ठी आहे, नदीखालचा दरवाजा पण आहे. प्रत्येक गोष्ट सुटी बघितली तर छान आहे, मांजर तर मला खरंच आवडलं, पण ती सगळी दुसऱ्या कथांसाठी जपून ठेवा. छोट्या कथेत एक अद्भुत गोष्ट खोलवर नेली तर वाचक विश्वास ठेवतो, आणि चार-पाच आल्या की त्याला कळत नाही कुठली लक्षात ठेवायची.

भीतीबद्दल जरा सविस्तर बोलते कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खंत त्याचीच दिसली. तुम्ही लिहिलंय की हॉररवाल्यासाठी गोदामाचा प्रसंग अजून भयानक करू का, रक्त वाढवू का. नका वाढवू. १९७० मध्ये त्स्व्हेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने अद्भुत साहित्यावर पुस्तक लिहिलं, त्यातला मुख्य मुद्दा असा की वाचक आणि पात्र जोवर ठरवू शकत नाहीत की जे घडतंय ते नैसर्गिक आहे की अलौकिक, तोवर त्या घुटमळण्यातच त्या प्रकाराची सगळी ताकद असते. बऱ्याच भुताच्या गोष्टी यावरच चालतात, दार वाऱ्याने वाजलं की आणखी कशाने. पण तुमच्याकडे ही सोय नाहीच आहे, कारण तुमच्या शहरात सावली गहाण पडते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे "खरंच असं असेल का" या शंकेतून तुम्हाला भीती मिळणार नाही. तुम्ही कथेत भरपूर ठिकाणी तीच काढायला बघताय, कुजबुज, पावलांचे आवाज, मागे वळून बघितलं तर कुणी नाही, आणि ते फुकट जातंय. तुमची भीती उलट्या दिशेने येते. वाचकाला नियम पूर्ण माहीत आहे, तारीख माहीत आहे, हिरोकडे पैसे नाहीत हे माहीत आहे, आणि तरी पानं उलटावी लागताहेत. ती भीती सावकाश चढते, तिला रक्त लागत नाही, तिला फक्त नियमाशी प्रामाणिक राहणारा लेखक लागतो.

दुसरी अडचण तुमच्या हिरोच्या आवाजाची आहे. तो प्रथमपुरुषी बोलतो, थकलेला, टोमणे मारणारा, सगळं बघून झालेला, आणि पहिल्या पानांवर हा आवाज मस्त जमलाय. पण गोदामात शेकडो सावल्या भिंतीवरून खाली उतरताहेत आणि तो अजूनही त्याच सुरात टोमणा मारतो, तर वाचक म्हणतो, हा घाबरला नाही तर मी का घाबरू. नॉयरचा हिरो आणि हॉररचा बळी एकाच माणसात बसवायचा असेल तर तो कोडगेपणा कुठेतरी तुटताना दिसला पाहिजे. आधी टोमणे कमी होतील, मग वाक्यं तोकडी होतील, मग एखाद्या गोष्टीचं वर्णन करायचंच तो टाळेल. सुरुवातीला हा माणूस प्रत्येक खोलीत शिरताना दिवा कुठे आहे ते सांगतो, ही सवय तुम्ही नकळत दिलीय बहुतेक, ती शेवटपर्यंत न्या आणि एका खोलीत त्याला दिव्याबद्दल बोलूच देऊ नका. शिवाय "मी" म्हणून भूतकाळात सांगतोय म्हणजे तो जगला हे वाचक पहिल्यापासून धरून चालतो, त्यामुळे मरण्याच्या धोक्यावर फार विसंबू नका, त्याचं दुसरं काहीतरी जाऊ द्या जे जगूनही जातं.

आता ती बाई. तुम्हाला वाटतंय की ती सावली निघते हा ट्विस्ट चालला नाही म्हणून तो काढावा. मला तर वाटतं तीन प्रकार एकत्र आणायचा खरा फायदा इथेच आहे आणि तो तुम्ही घेतलाच नाही. नॉयर वाचणाऱ्याला सवय असते की रात्री येणारी बाई अर्ध्या अंधारात बसणार, चेहरा नीट दिसणार नाही, पत्ता देणार नाही, दिवसा भेटणार नाही. ही सगळी वर्णनं तो वातावरण म्हणून गिळतो, त्यावर शंका घेत नाही. म्हणजे तुमचे सगळे क्लू तुम्हाला वाचकाच्या डोळ्यांसमोर उघडे ठेवता येतात! ती फक्त दिवा असताना येते, पूर्ण अंधारात कधीच नाही. खोलीत तिसरा माणूस असला की ती एक शब्द बोलत नाही. ती खुर्चीवर बसली तरी खुर्ची वाजत नाही. पहिल्या वाचनात हे नॉयरचं पाल्हाळ वाटेल आणि दुसऱ्या वाचनात पुरावा. एका प्रकाराची सवय दुसऱ्या प्रकाराचं गुपित झाकते, एवढ्यासाठी तर मिश्रण करायचं, नाहीतर नुसती सजावट होते. आणि तिला काहीतरी स्वतःचं हवं असू द्या. सध्या ती हिरोला गोदामापर्यंत नेण्यापुरती आहे. ती कुणाची सावली आहे, कुणी गहाण ठेवली होती, भावाने तर नाही? असेल तर "माझा भाऊ शोधून द्या" या वाक्याचा अर्थच बदलतो, आणि तो बदल कुठल्याही आरशापेक्षा जास्त हादरवेल.

असंच काही लिहून अडकलेल्या बाकी वाचकांसाठीही एक तपासणी सांगते. आपली कथा दोन-तीन ओळींत जादू वगळून सांगून बघा. तरीही ती जशीच्या तशी उभी राहत असेल तर जादू वरून लावलेली आहे. मग गुन्हा वगळून सांगा, मग भीती वगळून. जे वगळल्यावर काहीच ढासळत नाही ते एकतर कथेच्या मुळाशी बांधायचं किंवा काढायचं. तुमच्या बाबतीत सावली-गहाण काढलं की सगळं कोसळतं, म्हणून ते खरं आहे. मांजर काढलं तर काहीच होत नाही. आणि प्रिंट काढून प्रत्येक पानावर, इथे वाचकाला जगाचा कुठला नियम कळला, हे समासात लिहा. सगळ्या नोंदी कथेच्या पहिल्या अर्ध्यात असाव्यात. शेवटाजवळ एखादी सापडली तर ती मागे नेऊन पेरा.

तीन वेगळ्या कथा करू नका, तुकडे केले तर प्रत्येक तुकडा अर्धाच राहील. कादंबरी करायची असेल तर जरूर करा, पण कथा जमत नाहीये म्हणून नको, कारण न ठरलेला नियम मोठ्या जागेत अजूनच पसरतो. लांबी मात्र बघा. विज्ञानकथा आणि फँटसीसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांच्या वर्गवारीत साडेसात हजार शब्दांच्या आतलं ते शॉर्ट स्टोरी आणि त्याच्या वर साडेसतरा हजारांपर्यंत नॉव्हेलेट, म्हणजे त्या मापाने तुमची ९ हजारांची कथा पुढच्या खान्यात जाते. मराठीत प्रत्येक ठिकाणची मर्यादा वेगळी, ती आधी बघून घ्या, पण आरसा, मांजर, चिठ्ठी आणि दरवाजा गेले की शब्द आपोआप कमी होतील असं मला वाटतं.

लेबल कुठलं लावायचं हा प्रश्न राहिला. पोनेच १८४६ च्या एका निबंधात म्हटलंय की लिहिणाऱ्याने आधी परिणाम ठरवावा, वाचकाच्या मनावर शेवटी नेमकं काय उमटायला हवं ते, आणि मग बाकी सगळं त्याला धरून रचावं. तुमच्या शेवटच्या पानावर वाचकाला काय वाटायला हवं? धास्ती वाटायला हवी असेल तर कथा हॉरर म्हणून पाठवा. एका माणसाच्या फसलेल्या आयुष्याची कडू चव राहायला हवी असेल तर क्राइम म्हणून. मला स्वतःला ती दुसऱ्या बाजूला झुकलेली वाटते, पण निर्णय तुमचा. सोबतच्या पत्रात "हॉरर-फँटसी-नॉयर यांचा संगम" असं लिहू नका, त्याने वाचणारा आधीच सावध होतो. एका ओळीत गोष्ट सांगा: सावली गहाण ठेवलेला माजी पोलीस, मुदत संपायला चार दिवस, आणि सावली नसलेली प्रेतं. प्रकार त्यांचे त्यांना कळतात.

आणि नवा ड्राफ्ट झाला की तिघांना एकदम देऊ नका. आधी क्राइमवालीला द्या, आणि आवडली का असं विचारू नका, तुला कुणाचा संशय कुठल्या पानावर आला, बाईबद्दल शंका कधी आली, एवढंच विचारा, कारण क्लू नीट बसेपर्यंत बाकी काही दुरुस्त करून उपयोग नाही. मग फँटसीवाल्याला, त्याला सांगा की गहाणाचा नियम तुझ्या शब्दांत मला समजावून दे, आणि तो जिथे अडखळेल तिथे खूण करा. हॉररवाल्याला सगळ्यात शेवटी, सगळं पक्कं झाल्यावर. त्याने जुना शेवट वाचलाय ही अडचण आहेच, म्हणून जमलं तर हॉरर वाचणारा दुसरा कुणीतरी शोधा ज्याला या कथेबद्दल काहीच माहीत नाही, कारण कुठल्याही वाचकाकडून पहिल्यांदा घाबरणं तुम्हाला एकदाच मिळतं, ते अर्धवट ड्राफ्टवर खर्च करू नका.